गच्चीवर चालतो, बाल्कनीत अडतो: सौर रोबोला नेमकं काय कमी पडतं

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आठवीतल्या लेकीसाठी तुम्ही सौर ऊर्जेवर चालणारा रोबो केलाय. ६ व्होल्ट १०० मिलिअँपचं पॅनेल, ॲक्रिलिकची चेसिस, पिवळ्या दोन बीओ मोटरी (आत प्लास्टिकचे गिअर असलेल्या) आणि पॅनेलला समांतर १००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा भाग. भर दुपारी गच्चीवर तो रखडत का होईना चालतो. बाल्कनीत आणला की ढिम्म हलत नाही, मात्र नुसत्या पॅनेलला लावलेला मल्टिमीटर तिथेही पाच व्होल्ट दाखवतो. तेव्हा दुप्पट मोठं पॅनेल घ्यावं, की आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड) लावून 'वीज नीट वापरावी', असा तुमचा प्रश्न. शिवाय शाळेत कुणीतरी म्हणालं की प्रोग्राम नसेल तर तो रोबो कसला.

माझ्या मते दोन्ही खर्च तूर्त थांबवा. पॅनेल ठीक आहे. ते जेवढं कमावतं त्याच्या कित्येक पट खर्च करणाऱ्या मोटरी तुम्ही त्याच्या गळ्यात बांधल्या आहेत, आणि त्या सतत चालाव्यात अशी अपेक्षाही ठेवली आहे. दुखणं तिथे आहे.

आधी त्या पाच व्होल्टांचं बघू, कारण ते भल्याभल्यांना चकवतात. काही जोडलेलं नसेल तेव्हा सौर पॅनेलचा व्होल्टेज उजेड कमी झाला तरी फारसा पडत नाही. सिलिकॉनचा एक सेल अर्धा-पाऊण व्होल्टाच्या आत काहीतरी देतो आणि मंद उजेडातही त्यातला बराचसा भाग टिकवून धरतो. पडतो तो करंट, आणि तो सरळ उजेडाच्या प्रमाणात पडतो. उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात साधारण १,००,००० लक्स असतात. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी पाच-दहा हजार, मिट्ट काळोखी आली की हजार-दोन हजार. ट्यूबलाइटखाली टेबलावर तीनशे ते पाचशे. म्हणजे उन्हात १०० मिलिअँप देणारं तुमचं पॅनेल ढगाळ दिवशी पाच-दहा मिलिअँप देणार आणि घरातल्या टेबलावर जेमतेम अर्धा. बीओ मोटर मोकळी फिरतानाच शंभरेक मिलिअँप खाते, अडली की त्याच्या कित्येक पट. दुप्पट पॅनेल घेतलंत तर अर्ध्याचा एक मिलिअँप होईल, त्यावर ती कूसही बदलणार नाही.

हे माझ्या शब्दावर मानू नका, लेकीला मोजायला लावा. मल्टिमीटर २०० मिलिअँपच्या रेंजवर घ्या, लाल पिन 'mA' लिहिलेल्या खाचेत आहे ना बघा, आणि प्रोब सरळ पॅनेलच्या दोन वायरींना टेकवा. मध्ये काही नको. एवढ्याशा पॅनेलला शॉर्ट केल्याने काही होत नाही, ते स्वतःच्या मर्यादेपलीकडे करंट देऊच शकत नाही. (बॅटरीवर मात्र हा प्रयोग करू नका, फ्यूज तरी जाईल किंवा मीटर तरी.) आता पॅनेल हातात धरून गच्ची, बाल्कनीचा कठडा, बाल्कनीची आतली भिंत, हॉलचं टेबल असं फिरा आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा वहीत लिहा. कठडा आणि आतली भिंत यांत चार पावलांचं अंतर असतं, पण आकडा किती कोसळतो ते बघून मोठी माणसंसुद्धा 'परत मोजू' म्हणतात.

इथे थोडं परिस्थितीवर आहे, ते आधीच सांगतो. तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि आपल्याकडे त्याने फार फरक पडतो. ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकून जेमतेम ४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन छान आतपर्यंत येतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे सरकतो. त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन नाहीच, फक्त आभाळाचा उजेड. त्यात वरच्या मजल्याचा स्लॅब, खिडकीची गडद काच, ग्रिल, कबुतरांसाठी लावलेली जाळी. दिवाळीत मजेत चालणारा रोबो उन्हाळ्याच्या सुट्टीत 'बिघडला' म्हणून माझ्याकडे येतो, आणि त्यात बिघडलेलं काहीच नसतं. तेव्हा हा किडा, म्हणजे तुमचा छोटा रोबो, वर्षातल्या कुठल्या महिन्यात, कुठल्या जागी राहणार, हे ठरल्याशिवाय कुठलाही सुटा भाग विकत घेऊ नका.

आता उपाय. पॅनेलमधून थेंब थेंब येणारा करंट थेट मोटरला द्यायचाच नाही. तो कपॅसिटरमध्ये साठू द्यायचा, आणि पुरेसा साठला की एका दमात मोटरमध्ये ओतायचा. पुन्हा साठवा, पुन्हा ओता. नळाला करंगळीएवढी धार असेल तर तिच्याखाली अंगण धुता येत नाही, बादली भरून भसकन ओतावी लागते, तसंच हे. ही भरण्या-ओतण्याची वेळ स्वतःहून ओळखणाऱ्या सर्किटला या छंदातले लोक सोलर इंजिन म्हणतात. तुमच्या रोबोत कपॅसिटर आहे, पण त्याच्यापुढे झडप नाही. जे येतं ते लगेच मोटरीत झिरपून जातं, आणि मोटरीला हलवायला लागणारा किमान जोर कधी जमतच नाही.

सगळ्यात सोपं सोलर इंजिन दोन ट्रान्झिस्टर (करंट उघड-बंद करणारे तीन पायांचे भाग, एक पीएनपी आणि एक एनपीएन जातीचा; पायांची नावं एमिटर, बेस, कलेक्टर), एक रेझिस्टर आणि एक लुकलुकणारा एलईडी एवढ्यात होतं. जोडणी शब्दांत सांगतो, तुम्ही कागदावर काढत चला. पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर प्लसला. एनपीएनचा एमिटर मायनसला. पीएनपीचा कलेक्टर थेट एनपीएनच्या बेसला. मोटर प्लस आणि एनपीएनचा कलेक्टर यांच्यामध्ये. एलईडी पीएनपीच्या बेसपासून मायनसकडे, लांब पाय बेसच्या बाजूला. २.२ किलोओहमचा रेझिस्टर पीएनपीचा बेस आणि एनपीएनचा कलेक्टर यांच्यामध्ये. कपॅसिटर आणि पॅनेल दोन्ही प्लस-मायनसमध्ये समांतर. झालं.

हे चालतं कसं? कपॅसिटर रिकामा असताना दोन्ही ट्रान्झिस्टर बंद. व्होल्टेज चढत चढत अडीच-पावणेतीनच्या आसपास गेला की एलईडी लुकलुकायला बघतो, त्याच्यातून करंट वाहतो आणि पीएनपीचा बेस खाली खेचला जातो. पीएनपी उघडला की तो एनपीएनला उघडतो, एनपीएन उघडला की मोटर सुरू. खरी मेख आता आहे. एनपीएन उघडताच त्याचा कलेक्टर मायनसजवळ येतो आणि २.२ किलोओहममधून पीएनपीचा बेस खाली धरून ठेवतो. एलईडी विझला तरी कुलूप लागलेलंच राहतं. कपॅसिटर एखाद्या व्होल्टापर्यंत उतरला की पकड सुटते, दोन्ही ट्रान्झिस्टर बंद होतात आणि भरणं पुन्हा सुरू. चढताना एका आकड्याला उघडायचं आणि उतरताना त्याच्या बऱ्याच खाली मिटायचं, या फरकातच सगळी जादू आहे. एकाच आकड्याला उघडझाप केली असती तर मोटर नुसती कुरकुरली असती.

थोडं गणित लेकीकडून करून घ्या. ४७०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर १ व्होल्टापासून २.७ पर्यंत भरायला आठ मिलिकूलोम (मिलिअँप गुणिले सेकंद) लागतात. पॅनेल ५ मिलिअँप देत असेल तर दीड-दोन सेकंदांत भरतो, अर्धा मिलिअँप देत असेल तर सोळाएक सेकंदांत. म्हणजे ढगाळ बाल्कनीत किडा दर दोन सेकंदांनी उडी मारेल आणि हॉलच्या टेबलावर पाव मिनिटाने एकदा. थांबून थांबून, पण चालेल. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तुमच्या ६ व्होल्टांच्या पॅनेलला २.७ वरच सोडायला लावणं वाया घालवण्यासारखं आहे. एलईडीच्या ओळीत १एन४१४८ चे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच दिशेने जोडा, उघडण्याचा आकडा चारच्या आसपास जाईल आणि प्रत्येक उडीतली ताकद दुपटीहून वाढेल. उड्या अर्थातच लांबतील.

भाग घेताना दोन-तीन ठिकाणी हमखास माती खाल्ली जाते. बहुतेक परदेशी आकृत्यांत २एन३९०४ आणि २एन३९०६ असतात, आपल्या दुकानांत बीसी५४७ आणि बीसी५५७ सगळीकडे. चालतात, पण पायांचा क्रम उलटा आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. आकृती बघून तसेच ठोकले की सर्किट मेलेलं वाटतं. दुसरं म्हणजे बीसी५४७ शंभर मिलिअँपचा गडी आहे. मोटरच्या बाजूला बीसी३३७ घ्या, तो ८०० मिलिअँपपर्यंत पेलतो आणि पायांचा क्रमही बीसी५४७ सारखाच आहे. तिसरं, एलईडी साधा लाल, स्वतःहून लुकलुकणारा हवा. सात रंग बदलणारे जे मिळतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. नौपाड्यात किंवा वाशीत मिळालं नाही तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर यातलं सगळं चिल्लर भावात मिळतं.

आणि मोटर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण दहातले आठ किडे मोटरपायी बसतात. बीओ मोटर या कामाची नाही. आतली मोटर भुकेली, वर प्लास्टिकच्या दात्यांची अख्खी रांग, तिचं घर्षणच आपली उडी गिळून टाकतं, आणि चाकांसकट वजन किती! खेळण्यातल्या गाडीची मोटरही नको. तिच्या दोन पायांवर ओहममीटर लावलात तर एक-दोन ओहम दाखवेल. म्हणजे कपॅसिटरच्या दृष्टीने ती जवळजवळ शॉर्टच, साठलेलं सगळं तारेच्या गरमीत जातं. आपल्याला दहा ओहमच्या वरची मोटर हवी. ती विकत घ्यायची गरज नाही, भंगारवाल्याकडे पडलेली असते. मेलेला डीव्हीडी रायटर उघडा. चकती फिरवणारी चपटी मोटर आपल्या उपयोगाची नाही, ती ब्रशलेस असते, नुसत्या प्लस-मायनसवर फिरत नाही. ट्रे आत-बाहेर करणारी छोटी डीसी मोटर काढून घ्या. जुन्या कॅसेट प्लेअरची मोटर उत्तम, पण पुष्कळशा मोटरींच्या डब्यात वेग धरून ठेवणारं छोटं सर्किट असतं, ते मंद व्होल्टेजवर दगा देतं. जुन्या बटणांच्या मोबाइलमधली कंपनाची मोटर, नाण्यासारखी नव्हे, दांडीवाली, ही तर हलक्या किड्यांसाठी सोनं.

पारख कशी करायची? ४७०० चा कपॅसिटर दोन पेन्सिल सेलवर क्षणभर टेकवून भरून घ्या, प्लस-मायनस सांभाळून. मोटरच्या दांडीला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा आणि कपॅसिटरचे पाय मोटरच्या पायांना टेकवा. झेंडा गरगर फिरून सावकाश थांबला तर मोटर आपली. नुसता हिसका देऊन गप्प झाला तर ती परत भंगारात. मग जे भरणं-ओतणं सर्किट करणार आहे तेच लेकीने हाताने केलेलं असतं, त्यामुळे सर्किट समजावणंही सोपं जातं. हाच प्रयोग तुमच्या बीओ मोटरवर चाकासकट करून बघा, मग माझ्याशी वाद घालायला या.

पहिला किडा दोन मोटरींचा करूच नका. एक मोटर उभी, दांडी खाली, तिच्याभोवती तीन कपॅसिटर समान अंतरावर समांतर जोडलेले, वर पॅनेल. सगळा डोलारा दांडीच्या टोकावर आणि एखाद-दुसऱ्या कपॅसिटरच्या कडेवर तिरका टेकतो. दांडीवर वायरीचं सोललेलं रबरी आवरण चढवा, तेच चाक. दांडी इतकी बारीक असते की गिअरची गरजच उरत नाही. उडी बसली की किडा गोल घसरतो, भिंतीला आपटला की कलंडून दुसऱ्या कपॅसिटरवर टेकतो आणि दुसरीकडे निघतो. याला सिमेट म्हणतात. एका ओळीचाही प्रोग्राम नाही, तरी अडथळ्यातून वाट काढतो. संपूर्ण वजन चाळीस-पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा. ॲक्रिलिक नको. सुटे भाग एकमेकांनाच सोल्डर करा, तोच सांगाडा. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी) चाचणीपुरता ठीक, पण त्याच्या ढिल्या चापा आणि आपल्याकडची दमट हवा यांचं जमत नाही. जुलैत चापांवर चढलेला गंजाचा थर मिलिअँपच्या जगात चांगलाच जाणवतो.

सर्किट बरोबर असूनही एक तक्रार येईल, ती आताच सांगून ठेवतो. अगदी मंद उजेडात कपॅसिटर भरत भरत उघडण्याच्या आकड्याच्या किंचित खाली येऊन तिथेच अडकतो. कारण त्या टप्प्यावर एलईडी आणि रेझिस्टरमधून गळणारा करंट पॅनेलच्या कमाईएवढा होतो. २.२ किलोओहमवर पीएनपी उघडण्याइतका पाऊण व्होल्टाच्या आतला फरक पडायलाच पाव मिलिअँपहून थोडं जास्त लागतं. उपाय दोन. रेझिस्टर वाढवून दहा किलोओहम करा, मंद उजेडात सुटेल, पण कुलपाची पकड तेवढी सैल होते, मोटर जड असेल तर अर्ध्यात सोडेल. नाहीतर एलईडीच्या जागी व्होल्टेज डिटेक्टर आयसी (ठराविक व्होल्टेज आला की ओळखणारी चिप) वापरा. जुन्या लेखांत १३८१ म्हणून जो येतो तो आता सहजी मिळत नाही, मायक्रोचिपचा टीसी५४ त्याच जातीचा आहे. तो मायक्रोअँपात भागवतो, मात्र जोडणी वेगळी, एलईडीच्या जागी तसाच बसत नाही. शिवाय कपॅसिटर नवा घ्या. वर्षानुवर्षं खणात पडलेला इलेक्ट्रोलायटिक स्वतःच इतका गळतो की हॉलच्या उजेडातली कमाई तोच खाऊन टाकतो.

एक फॅराडचा सुपर कपॅसिटर लावू का, असं तुम्ही पुढे विचाराल, सगळेच विचारतात. नाण्याच्या आकाराचे ५.५ व्होल्टांचे जे मिळतात त्यांचा आतला रोध फार असतो, मोटरला हवा तसा झटका ते देत नाहीत. आणि ५ मिलिअँपवर १ ते २.७ व्होल्ट भरायला पाच मिनिटांच्या वर लागतात. रात्री मंद चमकणारा दिवा करायचा असेल तर जरूर वापरा.

आर्डुइनोबद्दल एवढंच. उनो बोर्ड नुसता बसून राहायलाच पन्नासएक मिलिअँप घेतो. बाल्कनीत पॅनेल देतंय पाच. लेकीला कोडिंग शिकायचं असेल तर बॅटरीवर वेगळा प्रकल्प करा, चांगलंच आहे. या किड्याच्या पाठीवर ते ओझं नको.

शाळेतल्या शंकेला उत्तर द्यायला इतिहास हाताशी आहे. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं केली. एकेकात व्हॉल्व (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या) फक्त दोन, प्रोग्राम नाही, तरी ती उजेडाकडे जात, अडथळ्याला वळसा घालत. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात असताना मार्क टिल्डेन यांनी सौर ऊर्जेवरच्या, मायक्रोप्रोसेसर नसलेल्या रोबोंचा हा छंद सुरू केला. बायॉलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स, एस्थेटिक्स, मेकॅनिक्स यांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीम म्हणतात. ते नंतर अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत होते, आणि २००४ मध्ये बाजारात आलेला रोबोसेपियन हा खेळण्यातला रोबो त्यांच्याच डोक्यातून निघालेला. त्यामुळे 'प्रोग्राम नाही म्हणजे रोबो नाही' हे कुणी म्हणालंच तर लेकीने बिनधास्त एल्सीचं नाव सांगावं.

प्रदर्शन मात्र वर्गात असेल, ट्यूबलाइटखाली, आणि तिथे पाव मिनिटाने एकदा हलणारा किडा बघायला परीक्षक थांबत नाहीत. टेबल लॅम्प आणि जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब सोबत न्या. सिलिकॉनच्या पॅनेलला त्यातला अवरक्त प्रकाश फार मानवतो, एलईडी दिव्यात तो जवळजवळ नसतो. बल्ब वीतभर अंतरावर ठेवा, त्याहून जवळ नेलात तर पॅनेल तापून त्याचा व्होल्टेज घसरेल. खाली गुळगुळीत फरशी किंवा काच असू द्या, सतरंजीवर दांडी अडकते.

दोन मोटरींचा, उजेडाकडे वळणारा किडा ही पुढची पायरी. त्यात प्रत्येक बाजूचं सोलर इंजिन वेगळं असतं आणि कुठली बाजू आधी सुटणार ते फोटोडायोड (उजेड ओळखणारे भाग) ठरवतात. सिमेट टुणटुण करायला लागला की त्याबद्दल विचारा, आणि विचारताना तीन आकडे सोबत लिहा: बाल्कनीत नेहमीच्या जागी पॅनेलचा शॉर्ट करंट, मोटरचे ओहम, आणि मोटर सुटते त्या क्षणी कपॅसिटरवर दिसणारा व्होल्टेज. बाल्कनीची दिशाही कळवा.